ब्लोअरच्या शाफ्टचा क्रॉस: आधी का गेला ते बघा, मग बदला

ऑक्टोबर छाटणीनंतरचे पहिले दोन महिने द्राक्षबागेत ब्लोअरला, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राला, उसंत नसते. रात्री पाऊस येऊन गेलेला, डाऊनी या बुरशीची धास्ती, पहाटे पाचला टाकी भरायची आणि ऊन तापायच्या आत बाग उरकायची. नेमकं तेव्हाच ट्रॅक्टरवरून ब्लोअर फिरवणाऱ्या शाफ्टमधून ‘टक टक’ सुरू होतं. (क्रॉस म्हणजे शाफ्टच्या जॉइंटमधला चार पायांचा तुकडा. प्रत्येक पायावर आतून बारीक सुया लावलेला कप असतो, आणि कप ज्यांच्या कानांतल्या भोकांत बसतात ते दोन कानांचे तुकडे म्हणजे योक.) ट्रॅक्टर बंद करून बघावं तर क्रॉसच्या कपाभोवती तांबूस भुकटी जमलेली, आणि हाताने हलवलं की योक एकीकडे आणि पाईप दुसरीकडे. तालुक्याला क्रॉस मिळतो, मिस्त्री अर्ध्या तासात ठोकून बसवतो, आणि महिन्याभरात तीच रड पुन्हा.

माझ्या जुन्या मिनी ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरने एका हंगामात तीन क्रॉस खाल्ले. तिन्ही वेळा मी मालाला शिव्या घातल्या. चौथ्या वेळी जुना क्रॉस भंगारात टाकायच्या आधी रॉकेलमध्ये धुतला आणि उन्हात धरला. त्याच्या पायांच्या बाजू बऱ्यापैकी शाबूत होत्या, टोकं मात्र चिरडल्यासारखी झाली होती. क्रॉसचा दोषच नव्हता. आतला पाईप बाहेरच्या पाईपात गंजून अडकला होता, त्यामुळे लिफ्ट वरखाली केली की शाफ्ट लांबायचा-आखडायचा बंद झाला होता आणि पहारीसारखा दोन्हीकडच्या क्रॉसवर ढोसण्या देत होता. पाईप साफ करून ग्रीस लावलं, चौथा क्रॉस टाकला, तो तीन हंगाम चालला.

म्हणून खालच्या कामात ठोकाठोकी कमी आणि बघणं जास्त आहे. मी बोलतोय ते बागेतल्या १८ ते २५ हॉर्सपॉवरच्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरबद्दल, ज्यांच्या मागे मिनिटाला ५४० फेऱ्यांचा, सहा स्प्लाईनचा (म्हणजे उभ्या दात्यांचा), १ ३/८ इंची म्हणजे ३५ मिलिमीटरचा पीटीओ, म्हणजे यंत्र फिरवणारा मागचा शाफ्ट, असतो. रोटाव्हेटरच्या शाफ्टलाही हीच पद्धत लागू आहे, क्रॉस तेवढा मोठा.

या जॉइंटची एक खोड

क्रॉसचा जॉइंट सरळ रेषेत फिरतो तोवर गुणी असतो. त्याला कोन दिला की पुढचं टोक एकसारखं फिरत नाही. एका फेरीत दोनदा पुढे धावतं आणि दोनदा मागे रेंगाळतं. कोन ३० अंशांचा असेल तर ट्रॅक्टर इमानदारीत ५४० फेऱ्या देत असतानाही पलीकडचा वेग साधारण ४६८ ते ६२४ या दोन टोकांत हिंदकळतो. सेकंदाला ९ फेरे, म्हणजे असे १८ हिसके. सतराव्या शतकात रॉबर्ट हुक यांनी या जॉइंटचा अभ्यास केला, म्हणून इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत तो ‘हुक्स जॉइंट’ म्हणून भेटतो. आपल्याकडचं ‘कार्डन’ हे नाव त्याच्याही आधीच्या कार्दानो या इटालियन गणितज्ञावरून आलंय.

शाफ्टला दोन जॉइंट असतात ते या हिसक्यांवरचा उतारा म्हणून. पहिल्याने केलेली गडबड दुसरा पुसून टाकतो, पण दोन अटींवर. मधल्या पाईपच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत, आणि दोन्ही जॉइंटचे कोन सारखे हवेत. योक ९० अंशांनी चुकीचे बसले तर गडबड पुसली जात नाही, उलट वाढते. दोन्हीकडे ३० अंशांचा कोन असेल तर वेग ४०५ ते ७२० असा नाचू लागतो. त्या नाचात क्रॉस टिकला तर आश्चर्य!

काढायच्या आधी, जागेवरच

ट्रॅक्टर बंद, चावी खिशात. डॅशबोर्डला नाही, खिशात. पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला. पाच सेंटिमीटर जाडीचा शाफ्ट ५४० फेऱ्यांनी फिरताना एका सेकंदात जवळजवळ दीड मीटर कापड गुंडाळून घेतो. उपरणं, पदर, सैल बाही, रेनकोटची नाडी, काहीही. माणसाला ओरडायलाही सवड मिळत नाही. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं म्हणून काढून टाकलेले शाफ्ट मी गावोगाव बघतो. क्रॉस आणायला जाल तेव्हा कव्हरही आणा.

आता प्ले, म्हणजे नको असलेली मोकळीक, नेमका कुठे आहे ते शोधायचं. हलणाऱ्या जागा तीन असतात आणि घाईत तिन्हींचं खापर क्रॉसवर फुटतं. क्रॉसच्या अगदी जवळ एका हाताने एक योक आणि दुसऱ्या हाताने दुसरा योक धरा आणि उलटसुलट पिळा. दोन योकांमध्येच खडखड लागली तर क्रॉस गेला. मग टॉमी (लोखंडी सळई) घालून योक हलकेच वर उचला. कप योकच्या भोकात हलताना दिसला तर मामला योकपर्यंत पोहोचलाय. क्रॉस घट्ट असूनही योक ट्रॅक्टरच्या शाफ्टवर डुलत असेल तर स्प्लाईन झिजली आहे. आणि पाईपात पाईप फिरताना मोठी मोकळीक लागली तर पाईप. तिथे थोडी मोकळीक असायचीच, तिला घाबरू नका.

शाफ्ट काढण्याआधी दोन्ही पाईपांवर एका रेषेत पंचने खूण करा. खडूची खूण रॉकेलमध्ये धुऊन जाते. मोबाईलवर फोटोही काढा, पण खूण हवीच. तिकोनी पाईप तीन तऱ्हांनी एकात एक जाऊ शकतो आणि तीनपैकी एकाच तऱ्हेत योक रेषेत येतात. चौकोनी पाईपात चारपैकी दोन बरोबर. लिंबाच्या आकाराचा पाईप दोनच तऱ्हांनी जातो आणि दोन्ही बरोबर, त्यामुळे तिथे चुकायला वाव नाही. जुना शाफ्ट आधीच कुणीतरी चुकीचा जोडून ठेवला असण्याची शक्यता मात्र धरून चाला. दोन्ही टोकांचे आतले योक जमिनीवर सपाट टेकतात का, हे एकदा बघून घ्या आणि मगच खूण करा.

कप बाहेर काढणं

शाफ्ट डिझेलने धुवा आणि वायर ब्रशने लॉकच्या, म्हणजे कप अडवून ठेवणाऱ्या कडीच्या, खाचा साफ करा. खाचेत माती राहिली की लॉक दबत नाही, पक्कड घसरते आणि बोटं सोलवटतात. लॉक निघत नसेल तर कपावर पितळी रॉड ठेवून एक हलका ठोका आतल्या बाजूला द्या. कपाचा दाब लॉकवरून सुटतो आणि लॉक सैल पडतो. लॉक उडतो तेव्हा नेम धरून डोळ्यावरच येतो, म्हणून चष्मा लावा. फवारणीचा चष्मा घरात असतोच.

आता व्हाईस. कपापेक्षा बाहेरून थोडी बारीक गोटी (सॉकेट पान्याची) एका बाजूला, आणि कप आरामात आत मावेल एवढी मोठी गोटी दुसऱ्या बाजूला, मधे योक. २२ मिलिमीटरच्या कपाला ढकलायला १३ किंवा १४ ची गोटी आणि समोरून २७ ची सहसा जमते. व्हाईस आवळत गेलात की पलीकडचा कप मोठ्या गोटीत सरकतो. तो पूर्ण निघत नाही, निम्माशिम्मा बाहेर येतो. त्याला व्हाईसमध्ये पकडून योक हलवत ओढून घ्या. मग उलटं करून समोरचा कप.

व्हाईस नसेल तर मिस्त्री योकच्या कानावर घण घालतात. काम होतं, मीही केलंय. पण कान एक-दीड मिलिमीटर जरी आत वाकला तर नवीन क्रॉस जन्मापासूनच आवळलेला बसतो आणि पहिल्याच टाकीला तापतो. ठोकायचंच असेल तर कानाच्या मुळाशी, जाड भागावर, आणि हातोडी किलोभराच्या आतली. जाम बसलेल्या कपाभोवती योक गॅसने लाल करायचा मोह टाळा. योकचं पोलाद त्या तापाने मऊ पडतं आणि मग भोक लवकर मोठं होतं.

जुना क्रॉस वाचणं

चारही कप कुठल्या पायावरचे आहेत ते लक्षात ठेवून काढा. क्रॉस धुवा, कोरडा करा, उजेडात धरा. या कामातली माझी सगळ्यात आवडती दहा मिनिटं हीच.

चारही पाय लालसर, सुया गंजून चिकटलेल्या, ग्रीसचा मागमूस नाही, असं असेल तर पाणी शिरलंय. ब्लोअरच्या शाफ्टवर औषधाचा फवारा दिवसभर बसतो आणि त्यात मोरचूद असेल तर ते लोखंडाला सुखाने जगू देत नाही. संध्याकाळी धुण्याच्या गनने कपाच्या सीलवर थेट पाण्याचा मारा करणारे तर औषधाचं राहिलेलं काम पूर्ण करतात. धुवा, पण लांबून, आणि धुतल्यावर ग्रीस द्या. आत शिरलेलं पाणी ग्रीससोबत बाहेर येतं.

एकच पाय कोरडा जळालेला आणि बाकी तीन ठीक असतील तर त्या पायाकडे जाणारी ग्रीसची वाट बंद होती. हे फार वेळा दिसतं. निपलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडावर, ग्रीस गन लावली, एका कपातून ग्रीस फुसकन बाहेर आलं की माणूस समाधानाने गन काढतो. ग्रीस सोपी वाट धरतं, तुंबलेल्या पायाकडे वळून बघत नाही. चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत थांबायचं नाही, आणि एखाद्या कपातून येतच नसेल तर योक हलवत, दोन्हीकडे दाबत पुन्हा गन मारायची.

पायांवर सुयांच्या जाडीच्या बारीक समांतर रेघा, जशा कंगव्याने ओढल्यात, त्याही पायाच्या एकाच बाजूला, असं दिसलं तर क्रॉसवर जास्तीचा भार किंवा हिसके आलेत. १८ हॉर्सपॉवर ५४० फेऱ्यांवर पूर्ण वापरली तर शाफ्टवर साधारण २३५ न्यूटन-मीटरचा पीळ येतो, म्हणजे मीटरभर लांब पान्यावर २४ किलो टांगल्याइतका. तेवढ्यासाठी क्रॉस बनलेलाच असतो. पण पूर्ण आक्सिलरेटरवर क्लच झटक्यात सोडलात तर स्थिर उभा असलेला जड पंखा एका क्षणात पळवायचा असतो, आणि तेव्हाचा हिसका याच्या कितीतरी पट असतो. पीटीओ कमी फेऱ्यांवर जोडा, पंखा फिरू लागला की मग फेऱ्या वाढवा. जुन्या ट्रॅक्टरांना क्लच आणि पीटीओ एकत्रच असतो, त्यामुळे बांधावर वळताना प्रत्येक वेळी क्लच दाबणाऱ्याचा क्रॉस लवकर जातो. ओळ संपण्याआधी फेऱ्या उतरवा.

पायाचं टोक खरवडलेलं, कपाचा तळ चमकलेला? माझी केस. पाईप अडकलेला आहे किंवा शाफ्ट लांब पडून तळाला टेकतोय. तसं असेल तर ट्रॅक्टरच्या पीटीओचं ऑईल सीलही गळत असेल, तिथेही हात फिरवून बघा, कारण तीच ढोसणी मागच्या बेअरिंगपर्यंत जाते.

आणि दोन्ही टोकांचे क्रॉस एकदमच झिजले असतील तर बहुधा योक रेषेत नव्हते किंवा कोन सारखे नव्हते. कोनांचा विषय पुढे येतो.

योक: इथेच माणसं फसतात

नवीन कप आणा आणि योकच्या भोकात बोटाने ढकलून बघा. बोटाने सरकला तर योक गेला. कप हलक्या हातोडीने किंवा व्हाईसनेच जायला हवा. जुन्या कपाची बाहेरची बाजू आरशासारखी चकाकत असेल तर तो भोकात फिरत होता, म्हणजे हीच खूण.

गावठी उपाय म्हणजे भोकाच्या आतून पंचने दहा-बारा ठिपके मारायचे, म्हणजे कप घट्ट जातो. जातो खरा. पण तो आता दहा-बारा टोकांवर टेकलेला असतो, ती टोकं दोन दिवसांत बसतात आणि कप पुन्हा मोकळा. दुसरा उपाय म्हणजे वेल्डिंगने भोक भरून लेथवर पुन्हा बोअर मारणं. हे जमू शकतं, पण दोन्ही कानांची भोकं एकाच सेटिंगमध्ये, एका रेषेत मारणारा टर्नर हवा. एक भोक मारून योक फिरवून दुसरं मारलं की रेषा गेलीच. तपासायला सोपं आहे: भोकाच्या मापाचा सरळ रॉड दोन्ही कानांतून एकदम आरपार जायला हवा. या मापाचा नवीन योक मिळत असेल तर मी वेल्डिंगच्या वाटेला जात नाही. ज्या जुन्या शाफ्टचे योक बाजारात उरलेलेच नाहीत, त्यांच्यासाठी ते ठेवा.

स्प्लाईनच्या योकचंही तसंच. त्याची झीज दुर्लक्षित राहिली तर तो ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टची स्प्लाईन खातो. योक बदलणं हा दुपारचा खेळ आहे, पीटीओ शाफ्ट बदलणं म्हणजे ट्रॅक्टर उघडणं. जुन्या ट्रॅक्टरवर नवीन योक घातल्यावरही थोडा डुलेल, कारण दुसरी बाजूही झिजलेली आहे. थोडं चालतं. लॉकची पिन मात्र खाचेत पक्की बसून ‘टिक’ असा आवाज आला पाहिजे, आणि नंतर योक मागे ओढून बघायचा. डुलतो म्हणून योक शाफ्टला वेल्ड करून टाकलेला एक ट्रॅक्टर मी बघितलाय. त्याच्या मालकाला मी काहीच बोललो नाही, कारण तो आधीच स्वतःवर चिडलेला होता.

क्रॉस विकत घेताना

ट्रॅक्टरचं नाव सांगून क्रॉस मागू नका. शाफ्ट ब्लोअरसोबत आलेला असतो, ट्रॅक्टरसोबत नव्हे, आणि जुना असेल तर मधे बदललेलाही असतो. व्हर्नियरने दोन मापं घ्या: कपाचा बाहेरचा व्यास, आणि समोरासमोरचे दोन कप चढवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी. छोट्या शाफ्टवर २२ × ५४ किंवा २३.८ × ६१.३ मिलिमीटर ही मापं नेहमीची, रोटाव्हेटरला २७ × ७० किंवा २७ × ७४.६, त्याहून मोठ्यांना ३०.२ × ८०. मापात जवळपास बसतो म्हणून २२ च्या जागी २३.८ कुणी ठोकायचा प्रयत्न करत नाही, पण २७ × ७० आणि २७ × ७४.६ यांची अदलाबदल मात्र सर्रास होते. कप भोकात सुरेख जातो आणि लॉक काही बसत नाही. जुना क्रॉस एका कपासह खिशात घालून जा, म्हणजे वाद होत नाही.

दुकानातच एक कप काढून आत बघा. सुया काठोकाठ भरलेल्या हव्यात. एखाद्या सुईएवढी मोठी फट दिसली तर दुसरा डबा उघडायला सांगा. पायाच्या कोपऱ्यावर बारीक कानस हलकेच ओढा: कानस घसरली तर कडकपणा ठीक, चावली तर तो क्रॉस परत ठेवा. दुकानदार कुरकुर करतो. करू दे.

बसवणं

जागा स्वच्छ हवी, गोठ्यापासून लांब. चारही कपांत बोटाने ग्रीस भरा, पण खच्चून नाही. सुया भिंतीला चिकटून उभ्या राहतील एवढं. ग्रीस लिथियमचं, दोन नंबरचं.

क्रॉस आधी योकमध्ये तिरका घालून सरळ करा. निपल पाईपच्या बाजूला आणि ग्रीस गन सहज पोहोचेल असा. दोन्ही क्रॉसचे निपल एकाच बाजूला आले तर बागेत अंधारात चाचपडावं लागत नाही. आता एक कप भोकाच्या तोंडावर ठेवा, क्रॉस त्या बाजूला सरकवून पाय कपात घाला, आणि मगच व्हाईस आवळा. क्रमाचं महत्त्व इथे आहे. पाय कपात नसताना कप ठोकला तर हादऱ्याने एखादी सुई आडवी पडते. मग कप शेवटचे दोन-तीन मिलिमीटर जातच नाही, लॉकची खाच दिसत नाही, आणि माणूस जोर वाढवतो. खाच दिसत नसेल तर जोर लावू नका, कप काढा. तळाशी आडवी पडलेली सुई सापडेलच.

पहिला कप खाचेपलीकडे किंचित जाईपर्यंत दाबा, लॉक घाला. क्रॉस तसाच धरून दुसरा पाय समोरच्या कपात घाला, दाबा, लॉक. लॉक खाचेत पूर्ण बसला की पितळी रॉडने त्यावर टिचकी मारून फिरवून बघा. फिरला तर बसला. मग दुसरा योक, तीच कृती.

चारही लॉक बसल्यावर जॉइंट हाताने हलवा. बहुतेक वेळा तो आवळलेला वाटतो. घाबरायचं नाही. योकच्या चारही कानांवर बाहेरच्या बाजूने मऊ हातोडीचा एकेक ठोका द्या. कप बाहेर सरकून लॉकला टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. थोडासा जड पण कुठेही न अडकता फिरला पाहिजे. एका ठिकाणी अडखळत असेल तर सुईचा किंवा वाकलेल्या कानाचा संशय घ्या आणि पुन्हा उघडा. ‘चालवलं की होईल मोकळा’ हे वाक्य याच क्षणी ऐकू येतं. मोकळा होतो, पण झिजून.

शेवटी ग्रीस गन, चारही सीलमधून नवीन ग्रीस दिसेपर्यंत.

पाईप आणि लांबी

दोन्ही पाईप वेगळे करून आतून-बाहेरून धुवा. आतल्या पाईपवर चरे असतील तर कानशीने बसवा, मग पॉलिश पेपर, मग ग्रीस. एका हाताने ओढल्यावर पाईप सरकला पाहिजे. योकला पाईपशी जोडणारी रोल पिन काढली असेल तर ती पुन्हा वापरू नका. बोल्ट घालून भागवू नका, बोल्टचं डोकं बाहेर राहतं आणि कव्हर फाडतं.

लांबी तपासायला शाफ्टचे दोन भाग वेगवेगळे ट्रॅक्टरला आणि ब्लोअरला जोडा, लिफ्ट वरखाली करा आणि जिथे दोन्ही टोकं सगळ्यात जवळ येतात तिथे थांबवा. दोन भाग शेजारी धरा. या जवळच्या जागी पाईपाच्या टोकाला तळापासून अडीच ते चार सेंटिमीटर मोकळं राहायला हवं. आणि सगळ्यात लांबच्या जागी पाईपाचा निदान एक तृतीयांश भाग एकमेकांत हवा. कापायचं झालं तर आतला, बाहेरचा आणि दोन्ही कव्हरं, सगळं सारखंच कापायचं. कापल्यावर कडा घासून गुळगुळीत करा. मला वाटतं आमच्याकडच्या निम्म्या अडकलेल्या पाईपांचं मूळ या न घासलेल्या कडांत आहे: कडेची धार आतल्या पाईपला ओरखडे काढते, ओरखड्यात गंज धरतो.

कोन

लिफ्टवर बसलेल्या ब्लोअरला कोन सारखे करण्याचं हत्यार टॉपलिंक, म्हणजे ट्रॅक्टर आणि ब्लोअर यांना वरून जोडणारा, फिरवला की लांब-आखूड होणारा दांडा. ब्लोअर कामाच्या उंचीवर ठेवा आणि बाजूने बघा. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट आणि ब्लोअरच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट समांतर दिसले की दोन्ही जॉइंटचे कोन आपोआप सारखे. समांतर नसतील तर टॉपलिंक फिरवा. ब्लोअरची मान वर झालेली किंवा पुढे झुकलेली आहे म्हणून फवारा नीट पडत नाही, तेही यातच सुटतं. मोबाईलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप दोन्ही शाफ्टजवळच्या सपाट भागावर ठेवलं की डोळ्यांपेक्षा बरा अंदाज येतो.

मागे ओढायच्या ब्लोअरची गोष्ट वेगळी. तो वळताना वाकतो. दोन्ही जॉइंटच्या बरोबर मध्याखाली ड्रॉबारची, म्हणजे ओढायच्या दांड्याची, पिन असेल तर वळणावर कोन दोघांत सारखे वाटले जातात. पिन ट्रॅक्टरला फार चिकटून असेल तर सगळा कोन पुढच्या जॉइंटवर येतो आणि पुढचाच क्रॉस पुन्हा पुन्हा जातो. चालू कामात २५ अंशांच्या आत राहा, आणि ओळीच्या टोकाला तीव्र वळण घेताना पीटीओ काढा.

पहिली टाकी

औषध न घालता, नुसत्या पाण्यावर. कमी फेऱ्यांवर दहा मिनिटं चालवा. ट्रॅक्टर बंद करून, चावी खिशात घालून, पंखा पूर्ण थांबल्यावर चारही कपांना हात लावा. कोमट चालेल. एखादाच कप हाताला सोसवत नसेल तर तिथे आडवी सुई आहे किंवा कान आवळलाय. मग पूर्ण फेऱ्यांवर एक तास, पुन्हा थांबवून लॉक जागेवर आहेत का बघा आणि पुन्हा ग्रीस द्या. यानंतर दर ८ तासांच्या कामाला क्रॉसला ग्रीस, पाईपला आणि स्प्लाईनलाही. हंगामात हे रोजचं काम होतं, म्हणून आमच्याकडे पहिली टाकी भरत असताना ग्रीस देतात. ट्रॅक्टर बंद ठेवून, टाकीत पाणी भरेपर्यंत होऊन जातं.

एक जास्तीचा क्रॉस घरात ठेवा. डबा ओल धरतो, त्यामुळे मी तो ग्रीस माखून सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये घालतो, दोन्ही तोंडं तारेने बांधतो आणि वर पेंटने माप लिहितो. पहाटे साडेपाचला, टॉर्चच्या उजेडात, माप आठवत नाही.